टायमिंग चेन वाजायच्या आधी बदलावी का? जास्त रनिंगच्या डिझेल गाड्यांसाठी माहिती

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा डिझेल गाड्या आपल्या साताऱ्याच्या गॅरेजला रोज येतात आणि दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीला आम्ही चेन बघून घेऊ म्हटलं की बहुतेक मालक हेच विचारतात, "चेन तर लाईफटाईम असते ना?" प्रश्न रास्त आहे, गाडी घेताना अनेकांना तसंच सांगितलेलं असतं. म्हणून हे पत्रक, गाडी सोडायच्या आधी दहा मिनिटं काढून वाचा.

वर लिहिलेल्या गाड्यांत नावं वेगवेगळी आहेत, मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट, फियाट मल्टिजेट, पण यांच्या १.३ लिटर डिझेलमधलं इंजिन एकच, फियाटचं १२४८ सीसीचं. स्विफ्टमध्ये ते २००७ ला आलं आणि एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे नवीन घ्यायची सोय राहिली नाही, आहे ती गाडीच जपायची आहे, आणि इंजिन खरंच जपण्यासारखं आहे, ॲव्हरेज चांगलं देतंय आणि नीट सांभाळलं तर भरपूर चालतं. त्यात नजर ठेवायची मोठी गोष्ट म्हणजे ही चेन.

टायमिंग चेनचं काम काय, तर खाली क्रॅंक (पिस्टनला जोडलेला दांडा) फिरतो आणि वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरतात, त्या दोघांना एका तालात बांधून ठेवायचं. क्रॅंकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. पिस्टन वर येतो त्या वेळी व्हॉल्व्ह बंद पाहिजेत, हा हिशोब चेन सांभाळते. जुन्या मारुती ८०० ला हेच काम रबरी बेल्ट करायचा, डस्टरच्या दीड लिटर डिझेललाही बेल्टच आहे, आणि बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलायचा हे सगळ्यांना माहिती असतं. चेन लोखंडी म्हणून ती विसरली जाते.

चेन लांबली म्हणतो तेव्हा लोखंड ताणलं जातं असं नाही. सायकलची चेन जशी जुनी झाली की लोंबायला लागते तसंच हे, प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीची बुश थोडी थोडी झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन काही मिलिमीटर ढिली होते. हा ढिलेपणा टेन्शनर खाऊन टाकतो. टेन्शनर चालतो इंजिन ऑइलच्या प्रेशरवर, त्याचा पिस्टन बाहेर येऊन पट्टीला दाबतो आणि पट्टी चेनला. पण पिस्टन किती बाहेर येणार याला लिमिट आहे. ते संपलं की चेन प्लास्टिकच्या गाइडवर आपटायला लागते, गाइड खाल्ली जाते, तिचे तुकडे खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या टाकीत, पडतात, आणि तिथे ऑइल ओढायची जाळी असते, ती चोक झाली तर ऑइल प्रेशरच कमी होतं. मग टेन्शनर आणखी ढिला, टर्बोलाही ऑइल कमी.

एखाद्या दिवशी चेन स्प्रॉकेटचे, म्हणजे ती ज्या दातेरी चाकांवर फिरते त्यांचे, दात सोडून उडी मारते आणि टायमिंग सुटतं. ह्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागतात. नशीब चांगलं असेल तर फक्त रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे पार्ट, तुटतात, नाहीतर व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावं लागतं, पिस्टनवरही मार बसू शकतो. चेन किटच्या कामाचा खर्च आणि हेडच्या कामाचा खर्च यात कित्येक पटीचा फरक पडतो, शिवाय गाडी बंद पडते ती घरासमोर पडेल असं काही नाही, खंबाटकी घाटात रात्री फॅमिलीसोबत पण पडू शकते.

ओळखायचं कसं? सकाळी पहिला सेल्फ मारताना बोनेट उघडं ठेवून कुणालातरी ड्रायव्हर साइडला उभं करा, चेन त्या बाजूला आहे. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधलं ऑइल उतरलेलं असतं, म्हणून चेन ढिली असेल तर पहिले एक-दोन सेकंद खर्रर्र असा आवाज येतो आणि प्रेशर आलं की बंद होतो. हा आवाज दुपारी गरम इंजिनवर ऐकू येणार नाही, त्यामुळे "आवाज दाखवायचा आहे" म्हणून येत असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच आमच्याकडे सोडा. डिझेल इंजिन मुळात खडखड करतं, त्यामुळे सगळ्या आवाजांचा दोष चेनला देऊ नका, इंजेक्टर किंवा बाहेरच्या बेल्टचं (ऑल्टरनेटर फिरवणाऱ्या) बेअरिंगसुद्धा वाजतं. आम्ही स्कॅनर लावून कॅम आणि क्रॅंकचं सिंक बघतो, म्हणजे दोघं एका तालात आहेत का ते, पी ००१६ (ताल जुळत नसल्याचा) कोड आला तर तपास पक्का करावाच लागतो, आणि शंका राहिली तर फ्लायव्हील (क्रॅंकच्या टोकाचं जड चाक) लॉक करून कॅमच्या लॉकिंग पिना बसतायत का ते बघतो. पिना जागेवर जात नसतील तर टायमिंग हललंय.

आता किती किलोमीटरला बदलायची. एक आकडा सांगणं बरोबर नाही असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण मीटर किलोमीटर मोजतो पण चेन झिजते ती इंजिन किती फिरलं त्यावर. हिशोब करून बघा, दीड लाख किलोमीटर हायवेवर सरासरी ६० च्या स्पीडने झाले तर इंजिन २,५०० तास चाललं, आणि तेच सिटीत सरासरी २० ने झाले तर ७,५०० तास. म्हणून शिरवळ एमआयडीसीला रोज हायवेने अप-डाऊन करणाऱ्याची दोन लाखांची गाडी कधीकधी पुण्यात सिग्नलवर उभं राहून दीड लाख झालेल्या गाडीपेक्षा चांगली निघते.

दुसरी गोष्ट ऑइल, आणि ही जास्त महत्त्वाची. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, ऑइल जुनं झालं की हीच काजळी पिना आणि बुश घासत राहते, आणि ह्या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास बसतं, म्हणजे अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तरी फरक पडतो. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच, आणि मधेमधे डिपस्टिक बघत जा.

तर आम्ही असं करतो, दीड लाखाच्या पुढे प्रत्येक सर्व्हिसला चेन चेक, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ऑइलची सगळी बिलं आहेत आणि गाडी शांत आहे तर दोन-अडीच लाखांपर्यंत थांबा म्हणून आम्हीच सांगू, उगाच इंजिन उघडायचं नाही. पण सेकंडहँड घेतलेली गाडी, सर्व्हिस हिस्टरी नाही, मीटर मागे केलाय का याचीही खात्री नाही, अशी गाडी दोन लाख दाखवत असेल तर आवाज यायची वाट बघू नका.

बदलताना नुसती चेन बदला असं कृपया म्हणू नका. जुना टेन्शनर आणि खाल्लेल्या गाइडवर नवी चेन टाकून पैसे वाया जातात, कारण मजुरी तीच आहे, ड्रायव्हर साइडचं फाउंडेशन (इंजिन धरून ठेवणारं माउंटिंग) सोडून इंजिनला खालून आधार द्यायचा, चेंबर उतरवायचा, टायमिंग कव्हर काढायचं, एवढं सगळं दोनदा कशाला. पूर्ण किट टाकतो, चेन, टेन्शनर, गाइड, क्रॅंकचं पुढचं सील, स्प्रॉकेटचे दात झिजले असतील तर तेही. जाळी धुतो, ऑइल-फिल्टर नवीन, बाहेरचा बेल्ट निघालेलाच असतो म्हणून वॉटर पंपचं बेअरिंगही हाताने फिरवून बघतो. पेंटची खूण मारून टायमिंग लावणं आमच्याकडे चालत नाही, लॉकिंग टूल लावूनच काम होतं.

चेन ढिली आहे असं कळलंय पण काम पुढच्या महिन्यात करायचंय, तर तोपर्यंत गाडीला धक्का स्टार्ट अजिबात देऊ नका. बंद इंजिनात ऑइल प्रेशर नसतं, टेन्शनर ढिला असतो, आणि एकदम झटका बसला की चेन दात सोडते. बॅटरी उतरली तर जम्पर लावा. तसंच ठोसेघर-कासच्या रस्त्यावर उतारावर लावताना गाडी नुसती गिअरवर सोडू नका, गाडी मागे ढकलली जाऊन इंजिन उलटं फिरायला बघतं, हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाला दगड लावा. आणि एकदा जरी गाडी चालताना बंद पडून सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर परत परत सेल्फ मारू नका, आम्हाला फोन करा, गाडी टो करून आणू.

कामाला साधारण दोन दिवस लागतात. अंदाजपत्रक आधी लेखी देतो, कव्हर उघडल्यावर आणखी काही निघालं तर फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे जातो, आणि काढलेली चेन, टेन्शनर, गाइड पिशवीत घालून तुमच्या हातात देतो. गाडी नेल्यावर हजार किलोमीटरच्या आत एकदा आणा, चेंबरच्या जॉइंटला आणि क्रॅंकच्या सीलला ऑइल पाझरतंय का ते लिफ्टवर घेऊन बघायचं असतं.