मुंबईच्या मोठ्या पब्लिक हॉस्पिटलातले वॉर्ड आणि नर्सिंगच्या शाखा

परळचं केईएम (१९२६), मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायनचं लोकमान्य टिळक हॉस्पिटल (१९४७) ही महापालिकेची, तर भायखळ्याचं जेजे (१८४५) राज्य सरकारचं. ही चारही मेडिकल कॉलेजला जोडलेली टीचिंग हॉस्पिटलं आहेत आणि मोठ्या माणसांसाठी यांच्यात जेवढ्या प्रकारचे वॉर्ड आणि युनिटं आहेत तेवढ्याच प्रकारचं नर्सिंग आहे. लहान मुलांचे वॉर्ड आणि लेबर वॉर्ड हा वेगळा विषय म्हणून इथे घेतलेला नाही. बाहेरच्या माणसाला सगळ्या सिस्टर सारख्याच वाटतात, सलाइन लावणं, इंजेक्शन देणं, बीपी बघणं, झालं. प्रत्यक्षात न्यूरोसर्जरीत दहा वर्षं काढलेली सिस्टर आणि डायलिसिसमध्ये दहा वर्षं काढलेली सिस्टर यांना एकमेकींच्या जागी उभं केलं तर दोघींचीही पंचाईत होईल, इतकं त्यांचं काम वेगळं आहे.

वॉर्ड वेगळे का, तर आजार वेगळे म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. पेशंटकडे दर किती वेळाने बघायला लागतं आणि एका नर्सवर किती पेशंट, यावर खरा फरक ठरतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स पाहिजे आणि आयसीयूत १ पेशंटमागे १, तेही प्रत्येक शिफ्टला. पब्लिक हॉस्पिटलात नाइटला दोन सिस्टर आणि खाटांवरचे, खाटांच्या मधले फ्लोअर बेडवाले असे मिळून पन्नास पेशंट ही परिस्थिती कोणालाही नवीन नाही, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते सगळं या गर्दीत चालतं हे धरूनच वाचावं.

माणसं कोण कोण असतात

स्टाफ नर्स, तिच्यावर सिस्टर इन्चार्ज, मग असिस्टंट मेट्रन, मग मेट्रन. राज्य सरकारच्या कागदावर यांनाच अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका म्हणतात पण वॉर्डात असं कोणी हाक मारत नाही. बाई असेल तर सिस्टर, पुरुष असेल तर ब्रदर. वॉर्डबॉय म्हणजे मामा आणि आयाबाई म्हणजे मावशी. या मामा-मावशींशिवाय एकही पेशंट एक्सरेला जात नाही आणि एकही बेडपॅन उचललं जात नाही. कोल्हापूर, सातारा, कोकण, विदर्भ इकडून आलेल्या मुली आणि केरळच्या सिस्टर या सगळ्यांनी मिळून मुंबईचं नर्सिंग उभं केलंय.

शिफ्ट तीन, मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. शिफ्ट बदलताना ‘ओव्हर’ देतात, म्हणजे जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेपाशी उभं राहून प्रत्येक पेशंटचं सांगते, काय चालू आहे, काय द्यायचं राहिलंय, कुठला रिपोर्ट यायचाय, कोणाकडे लक्ष ठेवायचं. वॉर्डातल्या बऱ्याच गोष्टी या ओव्हरमध्येच वाचतात किंवा निसटतात, त्यामुळे ओव्हर चालू असताना नातेवाइकांनी मध्येच बोलू नये असं म्हणतात ते उगाच नाही.

कॅज्युअल्टी आणि ट्रॉमा

इथली नर्स पहिल्यांदा ठरवते ते हे की समोरच्या दहापैकी आधी कोण. ओरडणारा पेशंट नेहमी सगळ्यात सिरीयस नसतो, गप्प पडलेला जास्त सिरीयस असू शकतो. मुंबईत लोकलमधून पडलेले, रूळ ओलांडताना उडालेले पेशंट रोजचे, आणि त्यातल्या अनेकांचं नावच माहीत नसतं, मग केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५’ असं लिहून ट्रीटमेंट सुरू होते. अशी केस एमएलसी (मेडिको-लीगल केस) असते म्हणजे पोलिसांना कळवायचं, अंगावरचे कपडे जपून ठेवायचे, खिशातल्या वस्तूंची साक्षीदारासमोर नोंद करायची, हे सगळं रक्त थांबवता थांबवता. मणक्याला मार असल्याची शंका असेल तर पेशंटला कुशीवर वळवताना चार जण लागतात, एकाच्या हातात फक्त डोकं-मान, त्याने ‘एक दोन तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वळवायचं, कारण मान पिरगळली तर माणूस कायमचा लुळा होऊ शकतो.

मेडिसिन वॉर्ड

सगळ्यात जास्त गर्दीचा आणि सगळ्यात कमी कौतुकाचा. डायबेटिस, लकवा, दमा, लिव्हर, हार्ट फेल्युअर, सगळं एकाच हॉलमध्ये. जुलै ते सप्टेंबर तर विचारूच नका, मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप). २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर लगेच दाखवा हे तेव्हापासून लोकांच्या डोक्यात बसलं. लेप्टोच्या पेशंटमध्ये सिस्टरचं लक्ष लघवीच्या मापावर, ती कमी व्हायला लागली की किडनी जातेय.

डेंग्यूत नातेवाईक प्लेटलेट प्लेटलेट करत बसतात पण जाणती सिस्टर बीपीच्या दोन आकड्यांमधलं अंतर बघते. १००/७० होतं ते १००/८५ झालं तर वरचा आकडा तोच असूनही पेशंट शॉककडे चाललाय, हात गार लागतात, आणि बऱ्याचदा हे ताप उतरल्यावर होतं, म्हणजे घरच्यांना वाटतं बरा झाला तेव्हाच. हे पन्नास पेशंटच्या वॉर्डात वेळेवर पकडणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

सर्जरी, ऑर्थो आणि न्यूरो

सर्जरी वॉर्डात ड्रेसिंग, ड्रेन (आतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), टाके, ऑपरेशनआधी उपाशी ठेवणं, नंतर गॅस पास झाला का विचारणं. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर स्टोमा (शी बाहेर यायला केलेलं तोंड) काढलेल्या पेशंटला पिशवी लावायला, कातडी जपायला शिकवणं ही आता स्वतंत्र शाखाच आहे आणि परळच्याच टाटा हॉस्पिटलात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. ऑर्थोमध्ये म्हणजे हाडांच्या वॉर्डात प्लास्टर आणि ट्रॅक्शन (वजन लावून हाड ओढून धरणं). प्लास्टर घातलेल्या पायाची बोटं निळी-गार पडली किंवा औषधाने न थांबणारी कळ आली तर रात्री दोनलाही डॉक्टरला उठवायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

न्यूरोसर्जरीत नर्सचं मुख्य हत्यार म्हणजे टॉर्च आणि ग्लासगो कोमा स्केल. १९७४ साली ग्लासगोत तयार झालेलं हे माप ३ ते १५ असतं, डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय कसा हलवतो असे तीन भाग. डोक्याला मार लागलेला पेशंट मघाशी स्वतःचं नाव, गावाचं नाव सांगत होता आणि आता नुसता हूं हूं करतोय, यात आकडा दोन-तीनने उतरला, आणि बरोबर एका डोळ्याची बाहुली मोठी झाली असेल तर आत रक्त साठतंय. सीटी स्कॅन नंतर सांगेल, आधी सिस्टरला कळलेलं असतं. म्हणून ‘झोपलाय, उठवू नका सिस्टर’ असं नातेवाइकांनी म्हटलं तरी ती दर तासाला उठवतेच.

आयसीयू

आयसीयूची कल्पना १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीतून आली. श्वास बंद पडलेल्या पेशंटना मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने बॅग दाबून जगवलं आणि पुढच्या वर्षी डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी अशा पेशंटसाठी वेगळं युनिट सुरू केलं. मुंबईच्या पब्लिक हॉस्पिटलात ही गोष्ट इतिहासातली वाटत नाही, कारण व्हेंटिलेटर रिकामा होईपर्यंत अंबू बॅग दाबत बसलेला मुलगा किंवा भाऊ इथे आजही दिसतो आणि त्याला किती जोरात, किती वेळाने दाबायचं हे सिस्टरच शिकवते.

आता मेडिकलचा आयसीयू वेगळा, सर्जिकल वेगळा, हार्टचा आयसीसीयू वेगळा, बायपासनंतरची रिकव्हरी वेगळी. १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्येच भारतातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं, पेशंट काही तासच जगला, पण हार्टच्या ऑपरेशननंतर लागणारं नर्सिंग इथे किती आधीपासून आहे ते यावरून समजावं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं काम बारीकसारीक गोष्टींचं आहे. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, नाहीतर पोटातलं फुप्फुसात जातं. तोंड साफ करायचं, सक्शन करायचं म्हणजे श्वासाच्या नळीतला कफ ओढून काढायचा, पण गरजेपुरतंच, कारण प्रत्येक सक्शनला ऑक्सिजन खाली येतो. लघवी दर तासाला मोजायची, ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी पाहिजे. नॉरअॅड्रेनालिन, इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम ही औषधं एका सिस्टरने भरायची आणि दुसरीने बघायची, पोटॅशियम तर कधीच थेट शिरेत ढकलायचं नाही, हृदय बंद पडतं.

बेडसोर

याला वेगळी जागा देतोय कारण कुठल्याही युनिटातलं नर्सिंग कसं आहे ते पेशंटच्या पाठीवरून कळतं. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, बायपॅपचा (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा) मास्क असेल तर नाकाचा दांडा, इथे हाड आणि गादीमध्ये कातडी दबते, रक्त पोचत नाही, आधी लाल होते, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही आणि तिथेच नाही थांबवलं तर हाडापर्यंत जखम. उपाय साधा, दर दोन तासांनी कूस बदलणं, अंग कोरडं ठेवणं, चादरीला सुरकुती नको, पोटात प्रोटीन जाऊ देणं. साधा म्हटला तरी ७० किलोच्या बेशुद्ध माणसाला दिवसातून बारा वेळा वळवायला दोन माणसं लागतात.

अरुणा शानबाग या केईएमच्याच नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्या जाईपर्यंत चार नंबर वॉर्डात केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं, भरवलं, पुसलं, वळवलं, एक पिढी रिटायर झाली की दुसरीने घेतलं. २०११ साली इच्छामरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे हेही आलं की इतकी वर्षं खाटेवर असून त्यांना एकही बेडसोर नाही. नर्सिंगमध्ये याहून मोठं सर्टिफिकेट माझ्या माहितीत नाही.

डायलिसिस, ओटी आणि बाकीची युनिटं

डायलिसिसचे पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास, वर्षानुवर्षं येतात, त्यामुळे इथल्या सिस्टरला पेशंटच्या घरचंही सगळं माहीत असतं. हातावरच्या फिस्टुलात (डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेत) जाड सुया घालणं हे हातखंडा काम. मध्येच बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर मशीन वेगळं.

ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात दोन सिस्टर, सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणारी स्क्रब आणि बाहेरून सामान पुरवणारी सर्क्युलेटिंग. पोट शिवायच्या आधी मॉप (रक्त टिपायची फडकी) आणि इन्स्ट्रुमेंट मोजायची, काउंट जुळला नाही तर सर्जन कितीही घाईत असला तरी थांबायचं. कॅन्सरच्या युनिटात किमो देताना औषध शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं म्हणून सिस्टर तिथून हलत नाही. सायकियाट्रीत पेशंटचं ऐकून घेणं हेच मोठं काम, आणि बांधून ठेवण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कडक अटी आहेत. संसर्गजन्य आजारांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा आणि टीबीसाठी शिवडी ही वेगळीच हॉस्पिटलं आहेत, तिथे एन ९५ लावून आठ तास काढणं आणि तरी स्वतःला लागण व्हायची भीती बाळगणं हे कोविडच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

शिक्षण आणि बदल्या

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी), चार वर्षांचं बीएस्सी आणि त्यावर दोन वर्षांचं एमएस्सी. शिवाय क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, ओटी, न्यूरो, इमर्जन्सी असे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा कोर्सही नर्सिंग कौन्सिलने आणलाय. कागदावर शाखा भरपूर आहेत. अडचण अशी की पब्लिक हॉस्पिटलात स्टाफ कमी म्हणून सिस्टरला एका वॉर्डातून दुसरीकडे फिरवतात, आणि पाच वर्षं डायलिसिसमध्ये हात बसलेली सिस्टर एका ऑर्डरवर सर्जरीत जाते. फिरवण्याचा फायदाही आहे, नवीन मुलगी सगळं शिकते, पण आयसीयू, डायलिसिस, ओटी, न्यूरो इथल्या तयार माणसांना हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मशीन बिघडलं तर नवीन येतं, बाहुली बघून रक्तस्राव ओळखणारी नजर तयार व्हायला वर्षं जातात.

नातेवाइकांनी काय करावं

अॅडमिट करताना आधी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे आणि शेवटचं कधी खाल्लं ते सिस्टरला सांगा. पेशंट मंद पडला, वेगळं बोलायला लागला, लघवी झाली नाही, श्वास जोरात लागला तर राउंडची वाट न बघता लगेच सांगायचं, सिस्टर ओरडेल म्हणून गप्प बसायचं नाही. सलाइनचा स्पीड स्वतः वाढवायचा नाही. नाकातल्या नळीतून स्वतःच्या मनाने काही घालायचं नाही. आणि डायलिसिसचा पेशंट दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात गेला तर प्रत्येक शिफ्टच्या सिस्टरला फिस्टुलाचा हात कुठला ते दाखवायचं, त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, सलाइन नाही.