भाताच्या सोळा जाती आणि असोसिएशन स्कीम: शिकायला सुरुवात कुठून करायची?

खानापूर तालुक्यात भाताच्या सोळा जाती तपासून बघायच्या आहेत असं धरू. बासमती, इंद्रायणी, इंटाण, सोना मसुरी आणि आणखी बारा. रान सगळीकडे सारखं नसतं हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ लागत नाही. बांधाजवळ ओल टिकते, उताराला पाणी ओसरतं आणि कणकुंबीत कोसळणारा पाऊस नंदगडात तसा पडत नाही. म्हणून प्रयोग करणारा माणूस जमिनीचे लहान लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यातली माती एकसारखी असेल असे. एका तुकड्यात चारच वाफे बसत असतील, तर एका तुकड्यात चारच जाती लावता येतील.

आता कुठल्याही दोन जाती एकदा तरी एकाच तुकड्यात याव्यात आणि सगळ्या जोड्यांना सारखा न्याय मिळावा, असा हट्ट धरला तर काय होतं? सोळा जातींच्या जोड्या होतात १२०. चार वाफ्यांच्या एका तुकड्यात ६ जोड्या उरकतात. म्हणजे किमान २० तुकडे आणि ८० वाफे.

हट्ट जरा सैल करू. सोळा जाती कागदावर चार बाय चारच्या चौकटीत लिहायच्या. प्रत्येक आडवी ओळ एक तुकडा, प्रत्येक उभी ओळ एक तुकडा. काम ८ तुकड्यांत आणि ३२ वाफ्यांत संपतं. किंमत एवढीच, की एका ओळीत असलेल्या जाती एकदा एकत्र येतात आणि बाकीच्या जोड्या कधीच एकत्र येत नाहीत. त्यांची तुलना तिसऱ्या जातीमार्फत करावी लागते. पण जोड्यांचे प्रकार दोनच असल्यामुळे हिशेब हाताबाहेर जात नाही. संगणक नव्हते त्या काळात हे फार महत्त्वाचं होतं. राजचंद्र बोस आणि के. आर. नायर यांनी १९३९ साली ‘संख्या’ या कोलकात्याच्या नियतकालिकात अशा अर्धवट समतोल रचनांचा सिद्धांत मांडला. १९५२ मध्ये बोस आणि शिमामोटो यांनी त्यामागच्या सांगाड्याला ‘असोसिएशन स्कीम’ हे नाव दिलं. आज हा विषय शुद्ध बीजगणिताच्या कपाटात ठेवलेला दिसतो, पण त्याच्या मुळाला मातीच आहे.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची एम.एस्सी. करणारी मुलं ‘असोसिएशन स्कीम शिकायला काय वाचू?’ असं विचारतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा चुकीचं पुस्तक आलेलं असतं. पुस्तक वाईट नसतं, चुकीच्या वेळी आलेलं असतं. पहिल्याच पानावर तीन-तीन निर्देशांक लटकणारी व्याख्या येते, दुसऱ्या पानावर तिच्यावरचं प्रमेय, आणि दहाव्या पानापर्यंत एकही उदाहरण नाही. माझा सल्ला सरळ आहे: पुस्तक उघडण्याआधी वरच्या सोळा ठिपक्यांवर एक संध्याकाळ घालवा.

चौकटीतला कुठलाही ठिपका घ्या. त्याच्या ओळीत, आडव्या किंवा उभ्या, ६ ठिपके आहेत; त्यांना ‘जवळचे’ म्हणू. उरलेले ९ ‘दूरचे’. आता कुठलेही दोन जवळचे ठिपके घेऊन दोघांनाही जवळचे असलेले ठिपके मोजा: २. दोन दूरचे घेऊन मोजा: पुन्हा २. एकाला जवळचे पण दुसऱ्याला दूरचे असे मोजले, तर पहिल्या प्रकारच्या जोडीला ३ मिळतात आणि दुसऱ्या प्रकारच्या जोडीला ४. ठिपके कुठलेही असोत, जोडीचा प्रकार कळला की आकडा ठरला. असोसिएशन स्कीमची व्याख्या एवढीच आहे. जोड्या काही प्रकारांत वाटलेल्या असतात, आणि कुठल्याही जोडीभोवतीची मोजणी फक्त त्या जोडीच्या प्रकारावर अवलंबून असते. ते भयानक निर्देशांक म्हणजे हेच २, ३, ४ लिहिण्याची सोय.

पुढचं पाऊल बीजगणिताचं. सोळा ओळी, सोळा स्तंभांचा एक तक्ता करा; जवळच्या जोडीला १, नाहीतर ०. या मॅट्रिक्सचा वर्ग केला की वरची मोजणीच परत मिळते. कर्णावर ६ आणि इतर सगळीकडे २. म्हणजे वर्ग बरोबर ४ गुणिले एकक मॅट्रिक्स, अधिक २ गुणिले सगळ्या एकांची मॅट्रिक्स. यातून आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स काही सदिशांना दिशा न बदलता फक्त जितक्या पट करते, ते आकडे) तोंडी निघतात: एकदा ६, सहा वेळा २ आणि नऊ वेळा उणे २. बेरीज करून पाहा, शून्य येते, आणि यायलाच हवी, कारण कर्णावर सगळे शून्यच आहेत. मोजणीचे नियम मॅट्रिक्सच्या गुणाकारात असे उतरतात आणि त्यातून एक छोटंसं बीजगणित तयार होतं, हे बोस आणि मेस्नर यांनी १९५९ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ या नियतकालिकात दाखवलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं लिनिअर अल्जिब्रा पक्कं असेल तर एवढं समजायला आणखी काही लागत नाही. ग्रुप थिअरी नंतर आली तरी चालते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात आणखी एक लेख आला आणि तो आपल्या माणसाचा होता. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरला झाला, पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते, आणि २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर ते गेले. बोस आणि पार्कर यांच्यासोबत त्यांनी १९५९ मध्येच लॅटिन चौरसांबद्दलचं (प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणाऱ्या चौकटींबद्दलचं) ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं भाकीत मोडलं, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. आपल्या कामाचा त्यांचा प्रश्न वेगळा होता. चौकटीचे आकडे सांगितले, चौकट दाखवली नाही, तर त्या आकड्यांवरून चौकट ओळखता येते का? श्रीखंडे यांनी सिद्ध केलं की कुठल्याही आकाराच्या चौरसाला येते, फक्त चार बाय चारला येत नाही.

तो अपवाद स्वतः काढून बघण्यासारखा आहे. चार बाय चार ठिपके घ्या, उजवी कड डाव्या कडेला आणि खालची कड वरच्या कडेला जोडलेली आहे असं समजा. प्रत्येक ठिपका वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याला जोडा, शिवाय एकाच तिरक्या दिशेने दोघांना, खाली-उजवीकडच्याला आणि वर-डावीकडच्याला. प्रत्येकाला सहाच शेजारी, आणि कुठल्याही दोघांचे सामाईक शेजारी दोनच. आकडे हुबेहूब आपल्या भातशेतीचे. पण एका ठिपक्याचे सहा शेजारी आपापसात कसे जोडलेले आहेत ते पाहा. मूळ चौकटीत ते तीन-तीनचे दोन वेगळे त्रिकोण करतात. इथे सहा जणांचा एक षटकोन होतो. म्हणून परस्परांना जोडलेले चार ठिपके इथे सापडतच नाहीत. ही आकृती जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणून ओळखली जाते; ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. बोस-मेस्नर आणि श्रीखंडे, दोघांचेही लेख ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’मध्ये आहेत, आणि त्याचे जुने अंक प्रोजेक्ट युक्लिडवर कुणालाही मोफत वाचता येतात. श्रीखंडे यांच्या लेखात बारीकसारीक प्रकरणं पाडत जावं लागतं, पण मूळ लेख वाचायचा सराव करायला मला तो चांगला वाटतो.

आता पुस्तकं. तुम्ही कुठल्या दारातून आलात, त्यावर निवड ठरते. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने रोझमेरी बेली यांचं २००४ सालचं केंब्रिजचं पुस्तक घ्यावं. त्या स्वतः रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम केलेल्या, त्यामुळे प्रयोगाची आखणी आणि बीजगणित त्यांच्याकडे हातात हात घालून चालतं. धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्यालाही ते परकं वाटू नये. गणिताच्या विद्यार्थ्याला मी व्हॅन लिंट आणि विल्सन यांचं कॉम्बिनेटोरिक्सचं पाठ्यपुस्तक सुचवतो. सगळं नाही, फक्त स्ट्राँगली रेग्युलर ग्राफचं (आपल्या चौकटीसारखे, जोड्यांचे दोनच प्रकार असलेले ग्राफ) प्रकरण आणि असोसिएशन स्कीमचं प्रकरण. प्रकरणं छोटी आहेत आणि गणितांसाठी शेवटी इशारे दिले आहेत. एकट्याने शिकणाऱ्याला त्यांचा मोठा आधार होतो. कॅमेरॉन आणि व्हॅन लिंट यांचं १९९१ चं छोटं पुस्तक त्याच जातीचं, जरा घाईचं. वॉटर्लू विद्यापीठातल्या क्रिस गॉडसिल यांची टिपणं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि आयगेनव्हॅल्यूंची सवय झाल्यावर त्यांच्यासारखं स्वच्छ लेखन क्वचित सापडतं. सवय होण्याआधी मात्र ती कोरडी वाटतील.

बान्नाई आणि इतो यांचं १९८४ चं पुस्तक या विषयाचा पाया समजलं जातं आणि ते खरंही आहे. तरीही पहिलं पुस्तक म्हणून ते घेऊ नये असं माझं मत आहे. ब्राउवर, कोहेन आणि नॉयमायर यांचा डिस्टन्स-रेग्युलर ग्राफवरचा (जिथे जोडीचा प्रकार दोन बिंदूंमधल्या अंतरावरून ठरतो) १९८९ चा जाडजूड ग्रंथ सलग वाचायचा नसतोच; अडलं की उघडायचा. थोडं पुढे गेल्यावर मार्टिन आणि तानाका यांचा २००९ सालचा आढावा अर्काइव्ह (arXiv) या मोफत शोधनिबंधांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, कुठल्या दिशेला कोण काय करतंय ते कळेल.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. संख्याशास्त्रज्ञ जिथे ‘जाती’ म्हणतात तिथे ग्राफवाले ‘शिरोबिंदू’ म्हणतात आणि कोडवाले, म्हणजे संदेशातल्या चुका पकडणाऱ्या कोडिंग थिअरीचे लोक, ‘शब्द’. गोष्ट तीच असते. एका बाजारात तीन भाषा ऐकत वाढलेल्या बेळगावच्या पोराला याची भीती वाटायचं कारण नाही, पण वहीत एक शब्दसूची मात्र करावी.

ते ‘शब्द’वालं दार १९७३ मध्ये फिलिप डेल्सार्त यांनी आपल्या प्रबंधातून उघडलं. चार अक्षरांची लिपी घ्या आणि दोन अक्षरी शब्द करा: सोळा होतात. दोन शब्द एकाच जागी वेगळे असतील तर जवळचे, दोन्ही जागी वेगळे असतील तर दूरचे. ही आपलीच भाताची चौकट आहे. संदेश पाठवताना एक अक्षर बिघडलं तरी ते लक्षात यावं, म्हणून फक्त परस्परांपासून दूरचेच शब्द वापरायचे ठरवले, तर जास्तीत जास्त किती मिळतील? डेल्सार्त यांची युक्ती अशी, की निवडलेल्या संचातल्या जोड्यांचे प्रकार मोजा, त्यांना आयगेनव्हॅल्यूंच्या तक्त्यातल्या आकड्यांनी गुणून बेरीज करा. ती कधीच ऋण येऊ शकत नाही. इथे शब्दाचा स्वतःसाठीचा आकडा ६ आणि दूरच्या सोबत्यासाठीचा उणे २ आहे; प्रत्येक निवडलेल्या शब्दाला ‘ब’ इतके दूरचे सोबती असतील, तर ६ वजा २ब हे शून्याहून कमी नको. म्हणून ब जास्तीत जास्त ३ आणि शब्द जास्तीत जास्त ४. चौकटीच्या तिरप्या रेषेवरचे चार ठिपके घेतले की ४ मिळतातही. लांब शब्दांना हीच युक्ती लावली की संगणकावर लिनिअर प्रोग्रॅमिंग (अशा अनेक अटी पाळून सर्वांत मोठी किंमत शोधणं) करावं लागतं. मॅकविल्यम्स आणि स्लोन यांच्या १९७७ च्या कोडिंग थिअरीच्या ग्रंथात यावर एक पूर्ण प्रकरण आहे. क्यूआर कोडवर डाग पडला तरी पैसे योग्य खात्यात कसे जातात, या कुतूहलातून येणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

पुस्तकं मिळवायची कशी? तालुक्याच्या कॉलेजात ही पुस्तकं कपाटात असतीलच असं नाही. पण कॉलेज एन-लिस्ट या कॉलेजांना ऑनलाइन पुस्तकं आणि नियतकालिकं देणाऱ्या योजनेत असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन मागून घ्या; बरीच मुलं तीन वर्षं काढतात आणि हे विचारतच नाहीत. निपाणीच्या मुलांना कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ पडतं, तिथे बसून वाचता येतं का ते विचारून पाहायला हरकत नाही.

संगणकावर सेज हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं तर श्रीखंडे ग्राफ त्यात तयार मिळतो. गॅप या बीजगणिताच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये असोसिएशन स्कीमसाठी स्वतंत्र पॅकेजच आहे. हानाकी आणि मियामोतो यांनी लहान स्कीमची यादी जालावर ठेवली आहे आणि ब्राउवर यांनी स्ट्राँगली रेग्युलर ग्राफचे तक्ते. या तक्त्यांत २८ बिंदूंची ओळ शोधा. आठ जणांतून दोघादोघांच्या जोड्या २८ होतात. दोन जोड्यांत एक माणूस सामाईक असेल तर त्या जवळच्या. प्रत्येक जोडीला जवळच्या १२, दोन जवळच्यांना सामाईक ६, दोन दूरच्यांना ४. हेच आकडे असलेले पण वेगळे असे आणखी तीन ग्राफ चँग यांनी शोधले. सोळा ठिपक्यांना केलं तसं मॅट्रिक्सच्या वर्गाचं समीकरण इथे स्वतः लिहून पाहा. १२ सोडून उरलेल्या आयगेनव्हॅल्यू ४ आणि उणे २ आल्या पाहिजेत.