पॅलिएटिव्ह केअर नोकरी करता करता का शिकावं लागतं, त्यामागची पार्श्वभूमी

हॉस्पिसमधल्या, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या डॉक्टर-नर्सेसच्या मागे सतत सीएमई (नोकरीत असताना घ्यायचं वैद्यकीय शिक्षण), वर्कशॉप, क्रेडिट पॉइंट असं काहीतरी लागलेलं असतं आणि बऱ्याच जणांना ती नुसती कागदी कटकट वाटते. पण पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या या शाखेची गंमतच अशी आहे की इथे काम आधी सुरू झालं, मग काम करणाऱ्यांना शिकवणं सुरू झालं आणि स्पेशालिटीचा शिक्का सगळ्यात शेवटी बसला.

सुरुवात सिसिली साँडर्स यांच्यापासूनच करावी लागते. बाई आधी नर्स, मग हॉस्पिटलात समाजसेविका आणि 1957 ला डॉक्टर झाल्या. व्यसन लागेल या भीतीने तेव्हा डॉक्टर मॉर्फिन द्यायला कचरायचे, पण लंडनच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी ते तोंडाने आणि ठरलेल्या वेळेला द्यायला लावलं, म्हणजे दुखणं उसळायची वाटच बघायची नाही. 1967 ला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, तेव्हा सेवा, संशोधन आणि शिकवणं तिन्ही एकाच छपराखाली ठेवलं. लोक लांबून यायचे, वॉर्डात राहून बघायचे आणि घरी जाऊन तेच करायचे. येलच्या नर्सिंग स्कूलच्या डीन फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी अशीच प्रेरणा घेऊन 1974 ला कनेक्टिकट हॉस्पिस उभं केलं. मॉंट्रिअलचे सर्जन बाल्फर माउंट हेही सेंट ख्रिस्तोफर्सला जाऊन आले, आणि फ्रेंचमध्ये 'हॉस्पिस' म्हटलं की अनाथ-गरिबांचा आश्रम डोळ्यापुढे येतो म्हणून त्यांनी 'पॅलिएटिव्ह केअर' हे नाव रूढ केलं.

ब्रिटनने 1987 ला ही स्पेशालिटी मान्य केली. अमेरिकेत 1982 च्या कायद्यानंतर 1983 पासून मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) हॉस्पिसचे पैसे द्यायला लागलं, पण साध्या हॉस्पिटलांत काय चाललंय ते मात्र कुणी नीट पाहिलं नव्हतं. ते 1995 ला 'सपोर्ट' नावाच्या अभ्यासाने दाखवलं. 5 हॉस्पिटलं, 9 हजारांहून जास्त पेशंट, आणि पेशंटला सीपीआर (हृदय थांबल्यावर ते पुन्हा चालू करायची धडपड) नकोय हे निम्म्याहून कमी डॉक्टरांना माहीत! नातेवाइकांच्या सांगण्यानुसार, शुद्धीत असताना गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्या पेशंटना शेवटच्या दिवसांत बराच वेळ मध्यम ते तीव्र वेदना होत्या. बरं, उपाय पण करून बघितला होता, डॉक्टरांना प्रोग्नोसिसचे, म्हणजे पेशंट किती जगेल याच्या अंदाजाचे रिपोर्ट दिले, घरच्यांशी बोलायला खास ट्रेन केलेल्या नर्सेस नेमल्या, आणि फरक शून्य.

मला तरी ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची फजिती वाटते, कारण नुसती माहिती हातात ठेवली की डॉक्टर बदलतात हा समज तिथेच मोडला. मग शिकवायची पद्धतच बदलायला लागली. 1990 च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांसाठी 'एपेक' हा कोर्स आला, 2000 ला नर्सेससाठी 'एलनेक'. दोन्हीत युक्ती एकच, आधी शिकवणारे तयार करायचे, मग ते आपापल्या हॉस्पिटलात जाऊन बाकीच्यांना शिकवणार. वाईट बातमी कशी सांगायची ते लेक्चर ऐकून येत नाही, म्हणून पेशंटचं सोंग घेतलेल्या नटांसमोर बसवून सराव करून घेणंही वाढलं (तिथे भलेभले डॉक्टर अडखळतात).

2006 ला अमेरिकेत स्पेशालिस्टची परीक्षा घेणाऱ्या 10 बोर्डांनी मिळून याला सबस्पेशालिटी मानलं, 2008 ला पहिली परीक्षा झाली. आधीपासून काम करणाऱ्यांना अनुभवाच्या जोरावर बसता यायचं, पण ती सवलत 2012 ला संपली, त्यानंतर वर्षभराची फेलोशिप, म्हणजे स्पेशालिस्ट व्हायचं खास प्रशिक्षण, सक्तीची. आता पंधरा वर्षं प्रॅक्टिस झालेला, घरचे हप्ते फेडणारा माणूस सगळं सोडून वर्षभर फेलो कसा होणार? आणि मरणाच्या वाटेवरचे बहुतेक पेशंट स्पेशालिस्टकडे पोचतही नाहीत, त्यांच्याजवळ असतात फॅमिली डॉक्टर आणि वॉर्डातल्या नर्सेस. 2014 च्या जागतिक आरोग्य सभेच्या (डब्ल्यूएचओच्या सदस्य देशांच्या सभेच्या) ठरावात म्हणूनच तीन पातळ्या आल्या, पायाभूत शिक्षण सगळ्यांना, मधलं असे पेशंट नेहमी बघणाऱ्यांना, आणि स्पेशालिस्टचं वेगळं. यातलं मधलं शिक्षण बहुतेकांना मिळतं ते नोकरीत असतानाच.