ब्रँडचा आवाज : डिझायनर आणि क्लायंटमधला संवाद

ब्रँडचा आवाज म्हणजे कंपनीची ओळख पटवणारी छोटी धून, पेमेंट झाल्यावर वाजणारा टोन, कॉल होल्डवर ठेवल्यावर ऐकू येणारं संगीत, हे सगळंच. धंद्यात याला सॉनिक ब्रँडिंग म्हणतात. ते बनवणारा साउंड डिझायनर आणि पैसे देणारा क्लायंट यांच्यात काय आणि कसं बोलणं होतं याची ही नोंद, कारण बहुतेक कामं बिघडतात ती इथेच.

मुंबईत हे काम जुनं आहे. आकाशवाणीची शिवरंजनीतली ओळखधून १९३० च्या दशकात इथेच राहणाऱ्या वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने बांधली. १९६७ मध्ये विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या आणि जिंगलवाल्यांना कामं मिळायला लागली, पुढे टायटनने मोझार्टच्या २५व्या सिंफनीतला तुकडा घेतला, २००२ मध्ये रेहमानची एअरटेल ट्यून आली.

सुरुवात होते ब्रीफने, म्हणजे काय हवंय ते सांगणाऱ्या क्लायंटच्या टिपणाने, आणि त्यात असतात विशेषणं. मॉडर्न पण आपलं वाटणारं, प्रीमियम पण सगळ्यांना परवडेलसं. विंडोज ९५ च्या स्टार्टअप ध्वनीसाठी ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराला असाच विशेषणांचा ढीग मिळाला होता आणि शेवटी लांबी दिलेली, सव्वातीन सेकंद, हे त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. माझ्या मते त्या ब्रीफमधली सगळ्यात कामाची गोष्ट ती लांबीच. प्रीमियम म्हटल्यावर मार्केटिंग हेडच्या कानात पियानो असतो, मालकांच्या कानात संतूर, आणि एजन्सीच्या मुलीला वाटतं की जवळजवळ काहीच वाजू नये, तिघेही मान डोलावतात आणि मीटिंग संपते.

म्हणून अनुभवी डिझायनर पहिल्याच भेटीत पाच-सहा क्लिप्स घेऊन जातो, प्रत्येकी काही सेकंदांच्या, कुठलंही नाव न सांगता वाजवतो आणि विचारतो की यातलं काय तुमचं अजिबात नाही. लोकांना आवडतं काय हे सांगता येत नाही, नको काय ते मात्र पटकन सांगतात, आणि त्यातून दिशा कळते. क्लायंटला कोमल गंधार कळायची गरजच नाही, ‘इथे जरा उदास वाटतंय’ एवढं त्याने म्हटलं की पुढचं भाषांतर डिझायनरचं काम. उलट क्लायंटने ‘इथला बेस वाढवा’ असं थेट औषध सांगितलं तर नेमकं काय खटकतंय ते हळूच विचारून घ्यावं.

रेफरन्स ट्रॅक, म्हणजे ‘असं काहीतरी हवंय’ म्हणून दिलेलं आधीचं गाणं किंवा धून, जपून द्यावा. तीन आठवडे तोच ऐकून सगळे त्याच्या प्रेमात पडतात, मग नवीन काहीही फिकं वाटतं, आणि तसंच करून द्या म्हणणं थेट कॉपीराइटच्या भानगडीत नेतं.

दुसरा घोळ ऐकण्याचा. अंधेरीच्या स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर पास झालेली धून साहेब घरी जाताना लोकलमध्ये फोनवर ऐकतात, फोनच्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळपास गायबच होतात, उरते वरची किणकिण, आणि रात्री मेसेज येतो की मजा नाही आली. तेव्हा डेमो आधीच फोनवर, गोंगाटात ऐकवावा, आणि फीडबॅक एकाच माणसाकडून एकत्र यावा, चार जणांकडून वेगवेगळा आला तर पाचव्या व्हर्जनपर्यंत मूळ कल्पनाच उरत नाही.

पैसे आणि हक्क यांचं बोलणं आपल्याकडे संकोचाने मागे ढकलतात, ते चुकीचं आहे. हक्क लिहून देताना करारात मुदत नसेल तर कॉपीराइट कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. धून ट्रेडमार्क म्हणूनही नोंदवता येते, याहूच्या योडेलला, म्हणजे जाहिरातीत कंपनीचं नाव आवाज वरखाली करत गायलेल्या हाकेला, भारतात २००८ मध्ये अशी नोंदणी मिळाली. २०१७ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३० सेकंदांची एमपी३ फाइल आणि सोबत लिखित स्वरलेखन लागतं, त्यामुळे क्लायंटने स्वरलेखन फायनल फाइल्ससोबतच मागून घ्यावं.