कर्नलमधलं कंडिशनल कम्पायलेशन सोपं करणं

एकाच सोर्स कोडमधून निवडलेल्या कॉन्फिगरेशननुसार काही ओळी बिल्डमध्ये घ्यायच्या आणि काही वगळायच्या, याला कंडिशनल कम्पायलेशन म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टमच्या कर्नलला, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या तिच्या गाभ्याला, हे टाळता येत नाही, कारण लिनक्ससारखा कर्नल राउटरपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे चालतो. सी भाषेत हे काम प्रीप्रोसेसर करतो, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कम्पायलरच्या आधी कोडवर फिरणारा प्रोग्रॅम. #इफडेफ ते #एंडइफ मधला कोड अट लागू नसेल तर तो काढूनच टाकतो, कम्पायलरला दिसतही नाही, आणि खरी गोची इथेच आहे. जो कोड कम्पायलरने बघितलाच नाही त्यातली चूक पकडणार कोण? कुणीतरी एखाद्या फंक्शनला एक आर्ग्युमेंट वाढवतो, त्याच्याकडे बिल्ड व्यवस्थित होतो, आणि वेगळं कॉन्फिगरेशन असलेल्या माणसाकडे तोच कोड फुटतो. नुसते १० स्वतंत्र पर्याय धरले तरी १०२४ कॉम्बिनेशन होतात, आणि कर्नलमध्ये पर्याय हजारोंनी आहेत.

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ सालीच युजनिक्स या संगणक क्षेत्रातल्या संघटनेच्या परिषदेत हे मांडलं होतं की पोर्टेबिलिटीसाठी (तोच कोड वेगवेगळ्या मशीनवर चालावा म्हणून) जागोजागी #इफडेफ पेरण्यापेक्षा फरक नीट इंटरफेसमागे ठेवावा. लिनक्सची कोडिंग स्टाइल साधारण तेच सांगते, .सी फाइलमध्ये शक्यतो अटी नकोत, त्या हेडरमध्ये (अनेक .सी फाइल्स वापरतात त्या घोषणांच्या फाइलमध्ये) न्या. फीचर बंद असेल तेव्हा हेडरमध्ये त्याच नावाचं रिकामं स्टॅटिक इनलाइन फंक्शन (कॉलच्या जागीच उलगडता येणारं) ठेवायचं, म्हणजे कॉल करणाऱ्याला काही विचारायलाच नको. अख्खी फाइलच ऐच्छिक असेल तर मेकफाइलमधली (काय बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाइलमधली) एक ओळ पुरते.

फंक्शनच्या आत अट हवीच असेल तर इज_एनेबल्ड() हा मॅक्रो (प्रीप्रोसेसर ज्याच्या जागी दुसरा मजकूर टाकतो असं नाव) साध्या इफमध्ये वापरतात. पर्याय बिल्ट-इन (कर्नलमध्येच) किंवा मोड्यूल (नंतर लोड करता येणारा भाग) असेल तर तो १ देतो, नाहीतर ०. कम्पायलर दोन्ही बाजू तपासतो, टाइपच्या चुका दाखवतो आणि मग ऑप्टिमायझर मेलेला कोड फेकून देतो. आतली करामत भारी आहे: पर्याय चालू असेल तर त्याची किंमत १ असते, ती एका नावाला चिकटवली की तिथे शून्य आणि स्वल्पविराम येतो, त्यामुळे पुढचा १ दुसऱ्या जागी सरकतो आणि मॅक्रो दुसरा आर्ग्युमेंट उचलतो. पर्याय बंद असेल तर स्वल्पविराम येत नाही, पहिल्या जागी कचरा राहतो आणि दुसऱ्या जागी ०.

अर्थात सगळीकडे हे चालत नाही. स्ट्रक्टमधला (एकत्र ठेवलेल्या डेटाच्या गटातला) मेंबरच #इफडेफमध्ये असेल तर पर्याय बंद असताना तो अस्तित्वातच नसतो, मग इफमधला कोड कम्पाइल होणार कसा, तिथे जुनाच मार्ग.

सगळ्यात रोखठोक उपाय म्हणजे पर्यायच काढून टाकणं. २०२५ मध्ये लिनक्स ६.१७ च्या शेड्युलरमध्ये (कुठलं काम प्रोसेसरवर कधी चालेल ते ठरवणाऱ्या भागात) हेच झालं, एकाच प्रोसेसरच्या मशीनसाठी ठेवलेला वेगळा मार्ग गेला आणि मल्टिप्रोसेसरवाला कोड सगळ्यांना लागू झाला. एका प्रोसेसरच्या बिल्डला त्याचा थोडा भुर्दंड पडतो, पण ढिगाने #इफडेफ उडाले.