एक ‘रन’, शेकडो अर्थ: डोक्यात बसवायचा कसा?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या शब्दाची नोंद तयार झाली, तेव्हा एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्यासाठी सुमारे नऊ महिने लागले. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान 1989च्या आवृत्तीतल्या ‘सेट’कडे होता. शाळेत आपण ‘रन म्हणजे धावणे’ एवढं पाठ करतो. पुढे ‘शी रन्स अ हॉटेल’ किंवा ‘द कलर्स रॅन’ समोर आलं की या पाठांतराचा काही उपयोग होत नाही.

शब्द जितका रोजच्या वापरातला, तितके त्याचे अर्थ जास्त. अमेरिकी भाषाभ्यासक जॉर्ज किंग्सली झिफ यांनी 1945मध्ये याचं गणित मांडलं: अर्थांची संख्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखादा शब्द दुसऱ्याच्या 100 पट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ साधारण 10 पट. नवा शब्द घडवण्यापेक्षा जुना थोडा ताणणं बोलणाऱ्याला सोपं जातं, आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो.

हे समजणं किती झटपट होतं, ते डेव्हिड स्विनी यांनी 1979मध्ये दाखवलं. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकण्याचं यंत्रही. वाक्यात हा शब्द आला की संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी मेंदूत क्षणभर दोन्ही अर्थ जागे होतात. दोनतीन अक्षरं पुढे जाईपर्यंत नको असलेला अर्थ मावळतो. 2002 साली जेनी रॉड आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकमेकांशी नातं नसलेले अर्थ असतील तर शब्द ओळखायला वेळ लागतो; एकाच मुळातून फुटलेले अनेक अर्थ असतील तर तो उलट लवकर ओळखला जातो. हे प्रयोग इंग्रजी भाषकांवरचे आहेत, तरी शिकणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी: ‘रन’चे अर्थ सुटेसुटे पाठ न करता एका गाभ्याला बांधावेत.

तो गाभा म्हणजे अखंड पुढे जात राहणं. मराठीत हे काम अनेक क्रियापदांत वाटलेलं आहे. नाक ‘वाहतं’, यंत्र आणि दुकान ‘चालतं’, रस्ता नदीच्या कडेने ‘जातो’, कपड्याचाही रंग ‘जातो’, नाटक तीन महिने ‘चालतं’, मधुमेह घराण्यात ‘चालत येतो’. इंग्रजीत या सगळ्यांना ‘रन’ चालतो. म्हणूनच ‘मशीन चालतंय’चं ‘द मशीन इज वॉकिंग’ करणाऱ्याची चूक ‘चालणे’च्या पहिल्या अर्थाला चिकटून राहण्याची असते. क्रिकेटने मात्र आपलं काम सोपं केलंय: धाव, धावबाद, धावसंख्या. विमानतळावरच्या धावपट्टीतही तोच ‘रन’ आहे.

गाभा कळला तरी वापर जमेलच असं नाही, कारण खरी अडचण शेजारच्या शब्दांत असते. ‘शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते’ या आशयाचं जे. आर. फर्थ यांचं 1957मधलं विधान भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. ‘रन’चे सोबती पाहा. ताप असेल तर ‘रनिंग अ फिव्हर’. मराठीत ‘अ’सारखं उपपद नसल्याने तो हमखास गळतो. दूध संपलं तर ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’, किंवा ‘द मिल्क हॅज रन आउट’. माणूस कर्ता असेल तर ‘ऑफ’ हवाच, दूध कर्ता असेल तर नको. इथे ‘हॅव रॅन’ चूक, कारण तिसरं रूप पुन्हा ‘रन’च होतं. आणि ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, पण ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावर गाडी घालणं. बाजारात काका भेटल्याचं सांगताना या दोघांची गल्लत परवडणारी नाही.

म्हणून वहीत किंवा कार्डावर ‘रन = चालवणे’ असं लिहू नये. एका कार्डावर एकच अर्थ, तोही पूर्ण वाक्यात: पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी. वाक्य आपल्या रोजच्या जगण्यातलं असावं आणि सोबतचे छोटे शब्द अधोरेखित करावेत. आधी चारपाच अर्थ पुरेत. आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर तोंडाने म्हणायचं. नुसतं वाचून ‘हं, येतंय’ म्हणणं ही सर्वांत मोठी फसगत.

ती किती मोठी, हे जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांच्या 2008मधल्या प्रयोगात दिसलं. विद्यार्थ्यांनी स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकल्या. आलेल्या जोड्याही ज्यांना पुन्हा पुन्हा विचारल्या गेल्या, त्यांना आठवड्याने सुमारे 80 टक्के आठवल्या. एकदा आलेली जोडी ज्यांना पुन्हा विचारली नाही, ते 35 टक्क्यांच्या आसपास राहिले, मग ती पुन्हा वाचायला दिलेली असो वा नसो. आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं, तेव्हा सर्व गटांचा अंदाज निम्म्याच्या आसपास होता.

उजळणीतलं अंतर लक्ष्यावर ठरतं. त्याच वर्षी निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी मोजलं: आठवड्याने परीक्षा असेल तर दोन उजळण्यांत दीडदोन दिवसांचं अंतर उत्तम; वर्षभर टिकवायचं असेल तर तीनचार आठवड्यांचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीने दुसऱ्या दिवसाचे गुण मिळतात, एवढंच.

एक सापळा शिकवणारेच लावतात: ‘रन आउट, रन इंटू, रन ओव्हर, रन अवे’ एकाच तासाला, एका तक्त्यात. सारख्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी शिकल्या की त्या एकमेकींत मिसळतात. एक पक्का झाला, वाक्यात न अडखळता येऊ लागला, की मगच दुसरा घ्यावा.

कोशही पाहून निवडावा. मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी अर्थ कालक्रमाने लावते, त्यामुळे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत वापरातला असेलच असं नाही. शिकणाऱ्यांसाठीचे कोश हल्ली प्रत्यक्ष वापराच्या मोजणीवर बेततात. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या 1987च्या कोबिल्ड कोशाने हा पायंडा पाडला, आणि त्यात अर्थही पूर्ण वाक्यात दिलेले असतात, म्हणजे कार्डासाठी निम्मं काम आयतंच होतं.