निष्ठा की घराचा हप्ता?

गेल्या महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात सत्कार होता. वीस वर्षं टिकलेल्यांना शाल-श्रीफळ. "याला म्हणतात निष्ठा," साहेब माइकवरून म्हणाले. माझ्या शेजारचे सत्कारमूर्ती काका नारळ पिशवीत टाकत पुटपुटले, "निष्ठा कायची जी! बेसा भागातल्या फ्लॅटचा हप्ता हाये."

काकांचं म्हणणं शास्त्रात चपखल बसतं. जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये नोकरीशी असलेल्या बांधिलकीचे तीन पदर सांगितले: जीव जडणं, सोडणं न परवडणं आणि खाल्ल्या मिठाला जागणं. एकाच माणसात तिन्ही असतात, कमीजास्त.

मला नाद आहे तो मधल्या पदराचा. त्याचं मूळ हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९६० च्या लेखात सापडतं. माणूस नकळत बाजूच्या पैजा लावत जातो, असं तो म्हणतो; म्हणजे नोकरीभोवती अशा गोष्टी जोडत जातो, की ती सोडली तर त्याही बुडतात. ग्रॅच्युइटीच घ्या. कायम कामगाराला ती सलग पाच वर्षांनी मिळते. महिना २६ दिवसांचा धरून वर्षामागे १५ दिवसांचा पगार. मूळ पगार नि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर वर्षाचे १५,०००, पाच वर्षांचे ७५,०००. साडेतीन वर्षांनी पुण्याहून बोलावणं आलं, तर यावर पाणी सोडायचं. तोवर कंपनीच्या बसथांब्याजवळ घर घेतलेलं असतं, पोरगी तिथल्याच शाळेत रुळलेली असते. कंपनीने यातलं काहीच मागितलं नव्हतं, तरी दोर वळला गेला.

२००२ मध्ये मेयर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली. जिव्हाळा आणि मिठाची जाण यांचा सहसंबंध सुमारे ०.६३ निघाला, म्हणजे दोन्ही बहुधा हातात हात घालून येतात. जिव्हाळा आणि 'परवडत नाही' यांचा जेमतेम ०.०५, म्हणजे जवळजवळ संबंधच नाही. वीस वर्षांच्या शालीवरून प्रेम मोजणाऱ्या साहेबांनी हा आकडा बघावा. लोक टिकावेत म्हणून गेटची दिशा बदलणाऱ्या वास्तुवाल्यांनी आणि दोरीखेच खेळवणाऱ्या प्रेरक वक्त्यांनीही.

त्या ०.०५ च्या पोटातही गोम आहे. 'परवडत नाही' यात दोन गोष्टी मिसळल्यात: गेलो तर बरंच गमवावं लागेल, आणि जायला दुसरी जागाच नाही. १९८७ मध्ये मॅक्गी आणि फोर्ड या संशोधकांनी दोन्ही वेगळ्या मोजल्या. गमावण्याची भीती जिव्हाळ्याच्याच दिशेने चालत होती, पर्याय नसणं उलट दिशेने. एकत्र मोजलं की एक दुसऱ्याला खातं.

काकांना कोणती लागू, ते विचारायचं राहिलं. पहिल्या पाळीची बस सुटत होती.